चंचुपात्राची राखण

चंचुपात्र हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा आठवीत होते आणि ती वस्तू पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा अकरावीत. मधली तीन वर्षं मी तिची व्याख्या पाठ म्हणत होते. नांदेडच्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा होती, म्हणजे एक कपाट होतं. काच फुटली तर वरून विचारणा होते म्हणून त्याला कुलूप, आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे. विज्ञानाच्या बाई कपाटाच्या जाळीतून बोट दाखवायच्या आणि आम्ही साठ मुली एका सुरात म्हणायचो, ‘सपाट बुडाच्या, उभट, काठाला पक्ष्याच्या चोचीसारखा आकार असलेल्या काचेच्या भांड्यास चंचुपात्र म्हणतात.’ उपयोग चार: द्रव घेणे, ढवळणे, तापवणे, ओतणे. चारही लिहिले की पूर्ण गुण मिळत. त्या भांड्यात तीन वर्षांत कुणी काही घेतलं नाही, ढवळलं नाही, तापवलं नाही आणि ओतलंही नाही. त्यात एक मेलेला भुंगा तेवढा होता. तो उपयोगांत धरलेला नव्हता.

आमचं घर भांड्यांचंच. अब्बा कल्हईवाले. इतवाऱ्यात दुकान, दुकानामागे घर. भात्याचा फुसफुस आवाज आणि नवसागराचा नाकात जाणारा धूर यांशिवाय माझ्या लहानपणातली एकही सकाळ मला आठवत नाही. अम्मीच्या खट्ट्या डाळीलासुद्धा त्या धुराचा किंचित वास असायचा. पुढं सासरी डाळ बेचव लागायची, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आम्ही घरात दखनी बोलतो. इथं सगळं मराठीत लिहिते आहे, मधेच एखादं ‘नक्को’ निसटलं तर निसटू दे. चंचुपात्राची व्याख्या मी अब्बांना म्हणून दाखवली, तेव्हा त्यांनी हातातली परात खाली ठेवली.

‘चोच कशाला म्हणे?’

‘पुस्तकात दिलं नाही.’

‘मग पुस्तक काय दिलं? बिनचोचीच्या भांड्यातून ओत, पाणी भांड्याच्याच अंगावरून मागं येतं. चोच असली की तुटून पडतं. एवढं सांगायला किती ओळी लागतात?’

मी हे दुसऱ्या दिवशी बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, हे परीक्षेत लिहू नकोस.

दहावीला मला बरे गुण पडले. बरे म्हणजे इतके, की नातेवाईक काळजीत पडले. त्या काळात लातूरचं वारं सुटलं होतं. लातूरला मुलगी टाकली की डॉक्टर होऊनच बाहेर येते, अशी लोकांची खात्री होती. अब्बांची नव्हती, पण त्यांची बहीण, माझी फुप्पू, लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा वारलेला, मुलं नाहीत, शिलाई मशीनवर अर्ध्या गल्लीचे ब्लाउज शिवायची. ती म्हणाली, पोरीला माझ्याकडं पाठव. अब्बांनी मान्य केलं, पण अट घातली. ‘क्लासच्या पहिल्या तुकडीत राहिलीस तर राहा. खाली घातलं तर ट्रंक उचलायची आणि नांदेडला यायचं. बारावी इथून कर, डी.एड. कर, मास्तरीण हो. लोकांना दाखवायला म्हणून मी परगावी पोरगी ठेवणार नाही.’ अब्बा एकदा बोलले की बोलले. भांड्याच्या तळाला भोक असेल तर ते कल्हई लावून देत नसत, गिऱ्हाईक कितीही गयावया करो.

क्लासच्या सरांना सगळे मोठे सर म्हणत. छोटे सर नावाचं कुणी नव्हतं. फाटकावर त्यांचं भव्य चित्र होतं, हाताची घडी, मागं उगवता सूर्य. क्लासमध्ये पाच तुकड्या होत्या आणि पहिलीला फक्त मोठे सर शिकवत. बाकीच्या चार तुकड्यांना त्यांनी पगारावर ठेवलेले तरुण शिक्षक शिकवत. त्यांचं नाव कुठल्याच फलकावर नसे. पहिल्याच तासाला मोठे सर म्हणाले, ‘मराठी माध्यमातून आलेल्यांनी हात वर करा.’ आमचे पंचवीसेक हात वर गेले. टेबलावरचं भांडं उचलून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. ‘याला तुमच्यात काय म्हणतात?’

‘चंचुपात्र.’

वर्ग हसला. सरांनी हसू पुरतं मुरू दिलं. ‘बीकर म्हणायचं. हे पात्र-बित्र गावाकडं ठेवून या. या शब्दांनी तुमचं वाटोळं केलंय.’ त्या दिवसापासून माझं नाव चंचू पडलं. माझं खरं नाव शमीम. ते हजेरीपुरतं उरलं.

आज मागं वळून बघते तेव्हा राग नेमका कुणावर काढावा हे मला ठरवता येत नाही. ज्या कुणी समितीनं संस्कृताच्या कोठारातून हा शब्द काढला, तिनं एखाद्या कासाराला किंवा कल्हईवाल्याला विचारलं असतं तर त्यानं साधा, तोंडात बसणारा शब्द दिला असता. आणि त्या शब्दाला हसणाऱ्या मोठ्या सरांनी तरी बीकरचं काय केलं? ते त्यात पेनं ठेवत. बीकर म्हटल्यानं मुलांना द्रव ओतता येऊ लागला, असं मला तिथं दिसलं नाही. एक शब्द कुलपात होता आणि दुसरा टेबलावर, एवढाच फरक.

माझ्या बाकावर मंगल बसायची. चाकूरजवळची, शेतकऱ्याघरची, पाच भावांची एकटी बहीण. डबा उघडला की भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगाची चटणी. चटणी माझ्या अर्ध्या भाकरीवर न विचारता ठेवायची. पहिल्या दिवशी सगळे हसले तेव्हा ही हसली नव्हती. नंतर म्हणाली, ‘मला बी तोच शब्द येत हुता. हात खाली घेतला म्हणून वाचले बघ.’

मग भूकंप झाला. त्याबद्दल लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलं आहे आणि ज्यांचं सगळं गेलं त्यांनी फारसं लिहिलेलं नाही, म्हणून मी आमच्यापुरतंच सांगते. आमच्या गल्लीत दोन भिंतींना तडे गेले, एवढंच. मंगलची मावशी निलंग्याकडच्या एका गावात होती. ती, तिचा नवरा आणि दोन मुलं दगडमातीच्या घराखाली गेली. मंगल दहा दिवसांनी क्लासला आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं होतं आणि बाहेरून ट्रक गेला तरी ती माझा दंड धरायची. ‘हललं का गं?’ विचारायची. मी न्हाई म्हटलं की हात सोडायची. दिवसातून वीसदा. धक्के अधूनमधून खरंच येत होते, त्यामुळे प्रत्येक वेळी उत्तर देण्याआधी मलाही क्षणभर थांबावं लागायचं.

सगळं लातूर घराबाहेर झोपत होतं. गल्लीत ओळीनं बाजा, प्रत्येक बाजेशेजारी स्टीलचे पेले एकावर एक उलटे रचलेले. जमीन हलली की पेले कोसळणार आणि जाग येणार. याहून चांगलं यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही. फुप्पूनं मशीनसुद्धा बाहेर आणलं होतं, रस्त्यावर बसून ब्लाउज शिवायची. गल्लीतून जाणाऱ्या सायकली मशीनला वळसा घालून जात.

पण मोठ्या सरांना पेले चालणार नव्हते. क्लास आता मैदानावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरत होता. तिथं त्यांनी व्यासपीठावर पांढरा टेबलक्लॉथ घालून मधोमध एक लिटरचं बीकर ठेवलं. त्यात परमँगनेट घातलेलं गुलाबी पाणी, काठोकाठ. ‘जमिनीची सूक्ष्म हालचाल झाली तरी पाणी चोचीतून सांडेल. थेंब पडला की सगळ्यांनी बाहेर.’ कुठल्याशा स्थानिक वार्ताहरानं येऊन फोटो काढला. बातमी मराठीत यायची, म्हणून सरांना अचानक मराठीचा पुळका आला. फलक लागला, ‘भूकंपसूचक चंचुपात्र यंत्र’. त्याची राखण कुणाकडे द्यायची यावर त्यांना फार विचार करावा लागला नाही.

‘चंचूकडेच देऊ या. नावच आहे तिचं.’

रोज सकाळी पाणी भरायचं काम माझं. मी चोचीच्या दोन बोटं खाली भरलं तर सर ओरडायचे, ‘काठोकाठ! सेन्सिटिव्ह पाहिजे!’ एवढं भरलेलं भांडं मांजराच्या शेपटीनंही सांडेल, हे मी बोलले नाही. दिवाळीला तुकड्यांची नवी यादी लागणार होती, आणि यादी सर करत.

खंडेनवमीला क्लासमध्ये हत्यारांची पूजा होती. सुताराचा रंधा, शेतकऱ्याचा नांगर, तसं क्लासचं हत्यार म्हणून डस्टर, भूमितीची पेटी, आणि मानाच्या जागी चंचुपात्र. मेळाव्याला पालक बोलावले होते. शेडमध्ये दोन-अडीचशे माणसं आणि दार एक. सरांच्या पत्नीनं पूजा केली. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि भांड्याच्या काठावरून कापसाचं वस्त्र घातलं. क्लासमध्ये भूकंपग्रस्तांच्या मदतीचं सामान गोळा होत होतं. त्यात आलेल्या दवाखान्याच्या कापसाची एक गुंडाळी मागं उरली होती, त्यातूनच त्यांनी ते वस्त्र वळलं होतं. मग सरांचं भाषण सुरू झालं. विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम, वगैरे.

भाषणाला दहा मिनिटं झाली असतील. पहिल्या रांगेतला कुणाचा तरी बाप उठून ओरडला, ‘पडलं! पाणी पडलं!’

पांढऱ्या कापडावर गुलाबी डाग होता, आणि आम्ही बघत असतानाच शेजारी दुसरा पडला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. खुर्च्या, पत्र्याचा आवाज, कुणाचं तरी बाळ. मंगल माझा दंड धरून धावत होती आणि मग दंड सुटला. दारात ती खाली पडली. तिच्या हातावरून किती जण गेले कोण जाणे. बाहेर आलो तेव्हा मैदानात एक गाय शांतपणे रवंथ करत होती. विजेची तार हलत नव्हती. समोरच्या घरासमोर रचलेले पेले जसेच्या तसे होते. कुणी तिकडं बघितलंही नाही.

मोठ्या सरांनी मैदानातच जाहीर केलं, ‘सौम्य धक्का होता. आपल्या यंत्रानं टिपला!’ टाळ्या वाजल्या. ज्या माणसांच्या चपला आत राहिल्या होत्या, तीसुद्धा अनवाणी टाळ्या वाजवत होती.

मी चपला घ्यायला आत गेले. वस्त्राचं एक टोक पाण्यात बुडालेलं होतं, दुसरं चोचीवरून बाहेर लोंबत होतं. सगळं वस्त्र टोकापर्यंत गुलाबी झालं होतं आणि टोकातून अजून थेंब पडत होता. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तसा त्या कापसानं पाणी ओढून बाहेर आणलं होतं.

संध्याकाळपर्यंत बातमी लातूरभर झाली. चार दिवसांपूर्वी मशीन आत नेलेल्या फुप्पूनं ते पुन्हा बाहेर काढलं. बायका मला विचारू लागल्या, ‘तुमच्या चंचूनं आज काय सांगितलं गं?’ जो शब्द शाळेला तीन वर्षांत एकाही माणसाच्या तोंडी घालता आला नाही, तो दोन दिवसांत भाजीवालीच्या तोंडी बसला. त्याचा अर्थ झाला होता, भीती मोजायचं भांडं. मंगलच्या मनगटाला प्लॅस्टर लागलं. ती क्लासमध्ये आली आणि तिनं एकच विचारलं, ‘खरं सांग. त्या दिवशी हललं का न्हाई?’

‘नाही.’

‘मग सर का म्हनले?’

मी वस्त्राचं सांगितलं. तिनं प्लॅस्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. ‘मला झोप येईना गं. परत आलाय म्हनून रात्रभर बसून ऱ्हायले मी. सगळ्यांसमोर सांग.’

‘माझी तुकडी जाईल.’

‘माजा हात गेला न्हवं?’

दुसऱ्या दिवशी तासाला मी उभी राहिले. धक्का नव्हता, कापसानं पाणी ओढलं, असं सांगितलं. आवाज थरथरत होता, याचा मला अजून राग येतो.

मोठे सर हसले. ‘पूजेतलं तुला काय कळणार? आणि समजा धक्का नव्हता, तर मग पाणी सांडलं कसं? भरलं कुणी होतं? म्हणजे या मुलीचा हात तुझ्यामुळे मोडला. बोल, काय लिहून घेऊ?’

‘करून दाखवते,’ मी म्हणाले.

पूजेच्या वस्त्राला हात लावायची माझी छाती झाली नव्हती. कुणी काय म्हटलं असतं ते सर बोललेच होते. म्हणून मी फुप्पूच्या गादीतला कापूस आणला होता. त्याची वात वळून पाण्यात सोडली. साठ जणांसमोर आम्ही थांबलो. कापूस कोरडाठाक, पाण्यावर बदकासारखा तरंगत राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मागून कुणीतरी ‘चंचू, अंडं घातलं का?’ म्हणालं. सर घड्याळ बघत म्हणाले, ‘झालं विज्ञान?’

कच्च्या कापसाला अंगचं तेल असतं, तो पाणी धरत नाही. दवाखान्याचा कापूस धुतलेला असतो, म्हणून धरतो. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मला इतकंच कळत होतं की मी खोटी ठरले आहे.

मंगल उठली. व्यासपीठामागं निर्माल्याची पिशवी अजून तशीच होती. एका हातानं तिनं त्यातून ते वाळलेलं वस्त्र काढलं, कपाळाला लावलं आणि सरांना म्हणाली, ‘मी घालते सर. मला पूजेतलं कळतंय.’ तिनं ते काठावर घातलं, एक टोक आत, एक बाहेर. गुलाबी रंग मुंगीसारखा कापसातून वर चढला, चोचीवरून उतरला, टोकाशी जमला. थेंब पडला. मग दुसरा. मंगल तिथंच खाली बसली आणि रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, ‘न्हाई हललं. न्हाई हललं गं बाई.’

सरांनी भांडं उचललं आणि पाणी खिडकीतून फेकून दिलं. चोचीच्या उलट बाजूनं फेकलं, त्यामुळे निम्मं त्यांच्या शर्टावर आलं. दिवाळीच्या यादीत माझं नाव चौथ्या तुकडीत होतं, शेरा ‘शिस्त’. मंगलचं हात बरा होईपर्यंत पहिलीतच ठेवलं होतं. ती आपण होऊन चौथीत येऊन बसली आणि तिला कुणी उठवलं नाही.

गल्लीला मात्र काही फरक पडला नाही. मी फुप्पूला सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘तुझा कापूस खरा असंल बेटा. पण सर बोलले ना!’ आणि मशीन रस्त्यावरच राहिलं.

मी अब्बांना पत्र लिहिलं. चौथी तुकडी, आणि का. चार दिवसांनी, शुक्रवारी दुपारी, नमाज पढून अब्बा फुप्पूच्या दारात उभे राहिले. माझी ट्रंक भरून तयार होती. त्यांनी तिच्याकडं बघितलं, मग गल्लीतल्या बाजांच्या ओळीकडं.

‘हे सगळे अजून बाहेर?’

‘हौ अब्बा.’

‘तू सांगून?’

‘हौ.’

‘फक्त त्या भांड्याच्या भरवशावर?’

मी मान हलवली. फुप्पू म्हणाली, ‘भाईजान, बाहेरच बसा, जेवण इथंच वाढते.’

‘नक्को,’ अब्बा म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, बाजेवरची एक उशी उचलली आणि सरळ आत गेले. तडा गेलेल्या भिंतीशेजारी चटई टाकून आडवे झाले. गल्लीतल्या बायका दारात गोळा झाल्या. ‘उठवा की त्यास्नी, काय झालं म्हंजे?’ कुणीतरी म्हणालं. पाच मिनिटांत आतून घोरणं ऐकू यायला लागलं. भात्यापुढं चाळीस वर्षं काढलेल्या माणसाचं घोरणं, ते काय वर्णावं. ते दोन तास चाललं. शेजारच्या म्हाताऱ्यानं आपली बाज उचलली आणि दाराच्या आत सरकवली, अर्धी आत, अर्धी बाहेर. फुप्पू थोडा वेळ भाऊ घोरतो आहे ते बघत राहिली. मग मला म्हणाली, ‘त्या बाजूनं धर.’ आम्ही दोघींनी मशीन उचलून आत नेलं.

अब्बा उठले, तोंड धुतलं, चहा प्याले. तुकडीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मी काढायची हिंमत केली नाही. संध्याकाळच्या गाडीला ते स्टँडकडं निघाले तेव्हा मी ट्रंकेच्या कडीला हात घातला. त्यांनी मागं न बघता विचारलं, ‘ती कशाला घेतलीस?’

मोठे सर चौथ्या तुकडीला शिकवायला कधीच येत नसत. आमचा अभ्यास बरा झाला.